वस्तू उलटी करून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात ६४० चौरस फुटांचा टूबीएचके घेतलात, सुतारकाम उरकलं, आणि आता दिवे, चार खुर्च्या, कपबशा, भिंतीवरचं घड्याळ अशा सुट्या वस्तूंसाठी दीड लाख रुपये बाजूला ठेवलेत. त्यातच तुमची ऑफिसची बॅग आणि मिस्टरांचं मनगटी घड्याळही बसवायचंय. फोनवर रोज नवी ‘डिझायनर’ वस्तू दिसते, एकच दिवा एकीकडे अठराशेला तर दुसरीकडे अडतीस हजारांना. मग पैसे नेमके कशाला द्यायचे आणि चांगली वस्तू ओळखायची कशी?

मी पुण्यात बावीस वर्षं दिवे आणि लाकडी सामान बनवते आहे. पहिल्या भागाचं उत्तर सरळ देते. पैसे उजेडाला द्या, आणि रोज अंगाला लागणाऱ्या वस्तूंना द्या: खुर्ची, बॅग, चहाचा कप. कोपऱ्यात नुसत्या उभ्या राहणाऱ्या शोभेच्या वस्तूंवर सध्या एक रुपयाही घालू नका. ओळखायची कशी, याला माझ्याकडे एकच सवय आहे. वस्तू हातात घ्यायची आणि उलटी करायची.

माठ आपण वाजवल्याशिवाय घेत नाही. रंग, नक्षी समोर दिसतच असते, तडा मात्र ऐकावा लागतो. फोनवरच्या फोटोत वस्तूची समोरची बाजू असते, तीही उत्तम उजेडात. बूड, आतला सांधा, बॅगेचं अस्तर, दिव्यात वायर शिरते ती जागा फोटोत नसते, आणि बनवणाऱ्याने काटकसर केली असेल तर ती तिथेच केलेली असते. ऑनलाइन घेताना मी विक्रेत्याला सरळ लिहिते, ‘खालच्या बाजूचा फोटो पाठवा.’ जो वस्तू स्वतः बनवतो तो दहा मिनिटांत पाठवतो, बहुतेक वेळा कौतुकाने दोन जास्तच. ज्याच्याकडे फक्त खोक्यांचं गोदाम आहे तो पुन्हा तोच समोरचा फोटो पाठवतो.

ही सवय मला कॉलेजात लागली नाही, आजीच्या घरच्या पाटाने लावली. जेवायचा लाकडी पाट उलटा केलात तर खाली दोन आडव्या पट्ट्या दिसतील. रुंद फळी पावसाळ्यात ओल धरते आणि वाकते. रेषांना आडव्या मारलेल्या त्या पट्ट्या तिला सरळ ठेवतात. त्यांच्यामुळे पाट जमिनीपासून दोन बोटं वर राहतो, ओल लागत नाही, उचलताना खाली बोटं जातात, आणि जेवण झालं की पाट भिंतीला उभा करून ठेवता येतो. दोन पट्ट्यांत चार कामं झाली, आणि वरून पाहणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही.

चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे आलं आणि देशभर हिंडून १९५८मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. त्यात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते लोट्याचं. तो भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, डोक्यावर, कमरेवर, हातात कसा धरला जातो, पाणी ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का, दुसऱ्या भांड्याला लागला की आवाज कसा येतो, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक मांडले. त्या अहवालातूनच पुढे १९६१मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आज एखादी ‘मिनिमल’ पाण्याची बाटली हातात आली की मी हेच प्रश्न तिला विचारते. तोंडातून हात आत जात नसेल, तर ती कितीही देखणी असली तरी परत ठेवते.

आता अठराशे आणि अडतीस हजारांचा दिवा. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून तो एकाखाली एक थाळ्या लावल्यासारखा टांगता दिवा म्हणजे डॅनिश डिझायनर पाउल हेनिंगसेन यांच्या ‘पीएच ५’ची नक्कल दिसते. मूळ दिवा १९५८चा, लुई पाउल्सन ही कंपनी तो आजही बनवते. त्याचा आकार शोभेसाठी ठरलेला नाही. उघडा बल्ब डोळ्यांत घुसतो हे हेनिंगसेन यांचं आयुष्यभराचं दुखणं होतं, म्हणून प्रत्येक थाळीचं वळण आणि दोन थाळ्यांमधलं अंतर असं ठरवलं आहे की टेबलाशी बसलेल्या कुणालाच बल्ब दिसू नये. उजेड आधी थाळीवर पडतो, मग मऊ होऊन खाली आणि बाजूला येतो.

नकलेत थाळ्या असतात, रंगही तोच असतो. अंतर मात्र दोन-तीन सेंटिमीटरने चुकलेलं असतं, आणि त्या फटीतून बल्ब थेट डोळ्यांवर येतो. म्हणजे जे विकत घ्यायचं होतं तेवढंच गळालेलं असतं. म्हणून दुकानात टांगता दिवा घेताना उभं राहून वरून बघू नका. खुर्ची मागा, खाली बसा, दिवा लावायला सांगा आणि मान वर करून बघा. बल्ब दिसला तर अठराशेही वाया आहेत. दिसला नाही, तर तो कुणाचा आहे आणि कितीचा आहे याची चिंता न करता घ्या. अडतीस हजारांचा दिवा मी तुम्हाला सुचवणार नाही, तुमच्या बजेटमधला चौथा हिस्सा तिथेच जाईल.

नक्कल घेणं चूक आहे का, असंही तुम्ही विचारलंय. आपल्याकडे डिझाइन कायदा २०००नुसार नोंदवलेल्या डिझाइनला १० वर्षं आणि मुदतवाढ घेतली तर आणखी ५, अशी जास्तीत जास्त १५ वर्षं संरक्षण मिळतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या आकारांवर त्यामुळे इथे ते संरक्षण उरलेलं नसतं. मूळ कंपनीचं नाव किंवा शिक्का लावून नक्कल विकणं मात्र सरळ फसवणूक आहे. माझा स्वतःचा दंडक वेगळा आहे: आज हयात असलेल्या, इथेच काम करणाऱ्या एखाद्या तरुण डिझायनरच्या वस्तूची नक्कल मी कधीच घेत नाही. त्याचं पोट त्याच वस्तूवर असतं.

नकलेचं एक उदाहरण उलट्या बाजूचंही आहे. सध्या सगळीकडे दिसते ती चंडीगढ खुर्ची, इंग्रजी व्ही उलटा केल्यासारखे पाय आणि वेताची पाठ असलेली. ती पिएर जाँनरे या स्विस आर्किटेक्टच्या देखरेखीखाली १९५०च्या दशकात चंडीगढच्या सरकारी कचेऱ्यांसाठी तयार झाली, आणि बनवली ती तिथल्याच कार्यशाळांनी, सागवानात, हाताने. पुढे मोडक्या खुर्च्यांचे ढीग कचेऱ्यांच्या गच्च्यांवर पडले, भंगारात गेले, आणि त्याच खुर्च्या परदेशातल्या लिलावांत लाखो रुपयांना विकल्या गेल्या. आज आपल्या ओळखीच्या सुताराने चांगल्या सागवानात, नीट सांधे घालून ती बनवली तर ती मुळाच्या फारशी दूर नाही, असं मला मनापासून वाटतं. फक्त ती ऐसपैस आहे. ६४० चौरस फुटांत एक ठेवा, चार नकोत.

दिव्यांकडे परत येते, कारण तुमच्या घराचं रूप सगळ्यात जास्त त्यानेच बदलणार आहे. खोक्यावर दोन आकडे बघा. पहिला केल्विन, म्हणजे उजेड पिवळसर आहे की पांढरा; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. आपल्या घरांत पांढऱ्या शुभ्र ट्यूबची सवय असते, ती ६५०० केल्विनची. दिवाणखान्यात आणि झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० घ्या, स्वयंपाकाच्या ओट्यावर ४००० चालेल. दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग कितपत खरे दिसतात. तो ९०च्या वर असावा. ८०चा बल्ब स्वस्त पडतो, पण त्याखाली टोमॅटो मळकट दिसतो आणि माणसाचा चेहरा आजारी. दुकानात स्वतःचा तळहात बल्बखाली धरून बघा, रंग मेला की लगेच कळतं. फोनच्या स्लो मोशनमध्ये दिव्याचं चित्रण करा. काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लुकलुकतो आहे, डोळ्यांना जाणवत नसलं तरी बऱ्याच जणांचं डोकं दुखतं. मुंबईला जाणं-येणं असेलच, तर बल्बसाठी लोहार चाळीत एक चक्कर मारा.

आणि दिवा उलटा करा. आत साधा होल्डर आहे का, आट्यांचा किंवा आपला नेहमीचा पिनचा? असेल तर बल्ब गेला की पन्नास पावलांवरच्या दुकानातून नवा आणाल. एलईडीची पट्टी आत चिकटवून टाकली असेल तर विचारा, ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारी छोटी डबी, सुटा मिळतो का. नाही म्हणाले तर तो दिवा आपण काही वर्षांच्या भाड्याने घेतोय असं समजा. धातूच्या दिव्याला तीन पिनांचा प्लग हवा. दोनच पिना असतील तर दिव्यावर कुठेतरी चौकोनात चौकोन असं चिन्ह शोधा, ते दुहेरी इन्सुलेशनचं असतं. तेही नसेल तर दिवा कितीही आवडला तरी घेऊ नका. घरात मुलं आहेत, तुम्ही लिहिलंय.

दिवाणखान्यासाठी माझं मत कागदी दिव्याला आहे. इसामु नोगुची हे शिल्पकार १९५१मध्ये जपानमधल्या गिफू शहरात गेले, तिथले बांबू आणि कागदाचे पारंपरिक कंदील बघितले, आणि त्यातून त्यांचे ‘आकारी’ दिवे निघाले, जे आज जगभरच्या घरांत टांगलेले आहेत. आपल्याकडे तर बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील दर दिवाळीला होतो. तो बनवणाऱ्या कुटुंबांना वर्षातून जेमतेम दोन महिने काम असतं. मी गेली काही वर्षं अशाच एका कारागिराकडून झिरमिळ्यांशिवायचे, पांढऱ्या हातकागदाचे मोठे कंदील करून घेते. कागद शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणते. आत सात वॅटचा एलईडी बल्ब, तो फारसा तापत नाही. जुना पिवळा बल्ब मात्र कागदात कधीच लावायचा नाही. वर्ष-दोन वर्षांनी कागद मळला की सांगाडा तोच ठेवून नवा कागद चढवतो. ठाण्यात तुम्हाला असा कारागीर दिवाळीआधीच्या महिन्यात सहज सापडेल, पण ऑर्डर दिवाळीनंतर द्या. तेव्हा त्याच्या हाताला काम नसतं आणि डोक्याला स्वस्थता असते.

खुर्च्या. जेवणाच्या टेबलाची उंची साधारण ७५ सेंटिमीटर असते, बैठक ४५ असावी. दोन्हींत २८ ते ३० सेंटिमीटरचं अंतर राहिलं की हात नीट टेकतो. चित्रात बघून टेबल एका ठिकाणचं आणि खुर्च्या दुसरीकडच्या घेतल्या की हेच अंतर बिघडतं. दुसरं म्हणजे आपण खुर्चीवरही पाय वर घेऊन बसतो. माझी आई, माझी मुलगी, मी, तिघीही. कॅटलॉगातल्या माणसांचे पाय नेहमी खाली असतात. म्हणून दुकानात चपला काढा आणि खुशाल मांडी घालून बघा.

सुचवायचंच तर इराणी हॉटेलातली खुर्ची सुचवेन. वाफेवर लाकूड वाकवून केलेली ती गोल बैठकीची खुर्ची मिखाएल थोनेट या फर्निचर बनवणाऱ्याच्या १८५९च्या खुर्चीची वंशज आहे. मूळ खुर्चीत लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढंच होतं. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात बसायच्या, त्यामुळे ती जहाजांतून जगभर गेली आणि मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या इराण्याकडेही पोचली. उलटी केलीत तर पायांना आतून धरणारं लाकडी कडं दिसेल. ते आणि स्क्रू घट्ट असले की खुर्ची ठणठणीत समजा. जोगेश्वरीच्या ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारात आणि चोरबाजारात मटण स्ट्रीटला अशा खुर्च्या दुरुस्त केलेल्या मिळतात. वेताची बैठक फाटली असेल तर घाबरू नका. वेत विणणारे कारागीर अजून आहेत, त्यात अंध कारागीरही आहेत, आणि त्यांची वीण सुबक असते. या खुर्चीवर मांडी मात्र बसत नाही. त्यामुळे टेबलाच्या एका बाजूला दोन खुर्च्या आणि दुसऱ्या बाजूला रुंद लाकडी बाक असं करा. बाकावर मांडी घालता येईल, आणि पाहुणे आले की तिघं बसतील.

एक चूक मी केलेली आहे, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून सांगते. रत्नागिरीच्या एका घरासाठी मी कातड्यासारख्या दिसणाऱ्या कापडाच्या सहा खुर्च्या निवडल्या. रंग सुंदर, किंमत बरी, विक्रेत्याने पाच वर्षं काही होणार नाही असं सांगितलं. तिसऱ्या पावसाळ्यात बैठकींचे पोपडे निघायला लागले, जेवून उठलेल्या माणसाच्या कपड्यांना काळे कण चिकटायचे. त्या काकूंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण मी ते विसरलेले नाही. कारण नंतर समजून घेतलं. पॉलियुरेथेनचा पातळ थर कापडावर चढवलेला असतो, आणि हवेतली ओल त्या थराचे रासायनिक बंध हळूहळू तोडते. वापरा किंवा कपाटात ठेवा, कोकणासारख्या दमट हवेत ते होतंच. ठाण्याची हवाही कोरडी नाही. पीयू लेदर, व्हीगन लेदर, लेदरेट, नावं काहीही असोत, बैठकीला आणि बॅगेला मी ते आता वापरत नाही. प्राण्याचं कातडं नको असेल तर जाड कॅनव्हास घ्या. तो मळतो, धुतला की स्वच्छ होतो, आणि पोपडे धरत नाही.

इथून तुमच्या बॅगेवर येते. बॅग उलटी करायची म्हणजे आतून बघायची. कातडं खरं असेल तर कुठेतरी त्याची कापलेली कड उघडी दिसते, आणि कडेत तंतू दिसतात. दोन थरांमध्ये कापड दिसलं तर समजायचं ते समजा. ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यावर जाऊ नका. कातड्याचा खालचा, वरून रंग थापलेला थर वापरूनही तो शिक्का मारता येतो. फुल ग्रेन म्हणजे वरचा नैसर्गिक थर शाबूत असलेलं कातडं, त्यावर बारीक छिद्रं आणि एखादा जुना ओरखडा दिसतो. तो दोष नाही. पट्टा बॅगेला जिथे जोडलाय तिथे नुसती शिलाई आहे की चौकोनात फुली मारून टीप घातलीय, की रिव्हेट आहे? सगळा भार तिथेच येतो.

चेन ओढून बघा, कोपऱ्यावर विशेषतः. चेनवर मागे आकडा असतो, ३, ५, ८ असा. तो ढोबळमानाने बंद दातांची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो. बॅगेच्या मुख्य तोंडाला ५च्या खाली जाऊ नका. चेन बिघडली तर बहुतेक वेळा फक्त रनर सैल झालेला असतो, कोपऱ्यावरचा बॅगवाला तो थोडक्यात बदलून देतो. चेन आतून अस्तरात अशी शिवलेली हवी की तो उसवून पुन्हा शिवू शकेल. अस्तर फिकट रंगाचं घ्या. काळ्या अस्तरात किल्ली शोधणं हा रोजचा त्रास आहे, आणि तो दुकानाच्या झगमगाटात कधी लक्षात येत नाही.

ठाण्याहून रोज लोकलने जाणार असाल तर आणखी एक. गर्दीत आपण बॅग पुढे, पोटाशी घेतो. म्हणजे तोंड वरून उघडणारं आणि पूर्ण चेनचं हवं, मागचा कप्पा पोटाशी येईल असा, मोबाइलपुरता, आणि पुढे टोचणारी बकलं नकोत. दुकानात जाताना एक लिटरच्या तीन भरलेल्या बाटल्या घेऊन जा, तीन किलो होतात. त्या बॅगेत घालून खांद्यावर घ्या आणि दहा मिनिटं दुकानात फिरा. लोक बघतात, बघू द्या. रिकाम्या बॅगेचं वजनच दीड किलो असेल तर ती कितीही सुंदर असली तरी तुमचा खांदा ती सहा महिन्यांत सोडून देईल.

आत सुटं सामान ठेवायला मी चंची वापरते. आजोबांची असायची तशीच, पान, सुपारी, चुना, कात यांचे वेगवेगळे कप्पे असलेली, गुंडाळी करून दोरीने बांधायची कापडी पिशवी. मी ती खादीत शिवून घेतली आणि कप्प्यांत चार्जर, पेन, औषधं, कार्डं घालते. ‘ट्रॅव्हल ऑर्गनायझर’ नावाने जे विकलं जातं ते याहून वेगळं काही नाही. कोणताही चांगला शिंपी एका दुपारी शिवून देईल.

कातड्याचं बोलतेय तर कोल्हापुरीबद्दल दोन शब्द. तिचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, क्रोमियमने नाही. २०१९मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांसाठी. जून २०२५मध्ये मिलानच्या एका मोठ्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि आधी कोल्हापूरचं नावही घेतलं गेलं नव्हतं, तेव्हा आपल्याकडे संताप झाला, तो मला रास्त वाटला. पण संतापलेल्यांपैकी किती जण कारागिराशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस थांबवतात, हे मला बघायचंय. चप्पल वाकवून बघा. तळाच्या थरांत पुठ्ठा भरला असेल तर ती मोडल्यासारखी वाकते. पावसात घालू नका, एवढंच.

मिस्टरांच्या घड्याळाचं सोपं आहे. तुम्हाला सपाट, साधं, शर्टाच्या बाहीखाली जाणारं हवंय, तर टायटनचं एज बघा. २००२मध्ये आलं तेव्हा त्याची जाडी ३.५ मिलिमीटर होती आणि आतलं यंत्र १.१५ मिलिमीटरचं. भारतात, भारतीय अभियंत्यांनी केलेलं ते काम मला आजही अभिमानाचं वाटतं. कोणतंही घ्या, उलटं करून मागचं झाकण वाचा. ‘३ बार’ लिहिलं असेल तर हात धुताना पाणी उडालं तर चालतं, पोहायला नाही. पट्टा जिथे बसतो ती रुंदी १८, २० किंवा २२ मिलिमीटर असेल तर पुढची वीस वर्षं कुठेही नवा पट्टा मिळेल. काही देखण्या घड्याळांना स्वतःच्याच आकाराचा पट्टा लागतो, कंपनीने तो बंद केला की घड्याळ ड्रॉवरमध्ये जातं.

कप उलटा केलात की तळाला बिनचकाकीचं कडं दिसतं, ते तळहातावर घासा. खरखरीत लागलं तर टेबलावर ओरखडे पडणार. कानात दोन बोटं जायला हवीत, आणि बोटांची पाठ कपाला टेकायला नको, आपला चहा उकळता असतो. तीनशे मिलीचा मोठा मग नको, दीडशेचा कप घ्या. भिंतीवरचं घड्याळ दहा फुटांवरून वाचता आलं पाहिजे आणि रात्री टिकटिक ऐकू येता कामा नये, बाकी काहीही चालेल. उशांचे अभ्रे शेवटी घ्या.

तांब्याची एक वस्तू घरात असावी, हा माझा हट्ट समजा. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून मठारकाम होतं. पत्रा हातोडीने ठोकून आणला की त्यावर जे खळगे उठतात, ते नुसती नक्षी नाहीत. ठोकल्याने तांबं कठीण होतं आणि पातळ पत्र्यालाही ताठपणा येतो. म्हणून जुना हंडा पत्र्याच्या मानाने इतका मजबूत असायचा. यंत्राने छापलेले खोटे खळगेही बाजारात आहेत. भांड्याच्या आत बघा, खळगे अगदी एकसारखे, ठरावीक अंतरावर असतील तर ते साच्यातले. हाताच्या कामात प्रत्येक घाव थोडा वेगळा पडतो. पाण्यासाठी नुसतं तांबं ठीक आहे, ताक, लिंबू, चिंच घालायची असेल तर आतून कल्हई हवीच. वरून चमकदार लाखेचा लेप दिलेलं घेऊ नका, तो वर्षभरात ठिकठिकाणी निघतो आणि मग धड चकाकी नाही की धड काळपटपणा नाही. नुसतं तांबं चिंच-मीठ लावून पाच मिनिटांत उजळतं.

पैशांची वाटणी मी अशी करेन. पंचेचाळीस हजार दिव्यांना, वायरमनच्या मजुरीसकट. तीस हजार खुर्च्या आणि बाकाला. बॅग आणि घड्याळ मिळून पंचवीस. पाच-सहा हजार कपबशा आणि तांब्याच्या भांड्याला. उरलेले चव्वेचाळीस-पंचेचाळीस हजार पुढचा पावसाळा संपेपर्यंत काढू नका. तोवर दुपारचं ऊन कुठे येतं, भिंतीला ओल कुठे धरते, मुलं अभ्यासाला कुठे बसतात आणि सगळे जण किल्ल्या कुठे टाकतात ते कळेल. किल्ल्या पडतात त्या जागी लागणारी वस्तू आज कुठल्याच फोटोवरून ठरवता येणार नाही.

सुरुवात जेवणाच्या टेबलावरच्या दिव्यापासून करा. दिव्याची खालची कड टेबलापासून ६० ते ७५ सेंटिमीटरवर यायला हवी. वायरमनला बोलावून छताला भोक पाडण्याआधी दिवा पडद्याच्या दांड्याला किंवा पंख्याच्या हुकाला सुतळीने बांधा, एक्स्टेंशन बोर्डवरून लावा, आणि चार संध्याकाळी सगळ्यांनी त्याखाली बसून जेवा. डोळ्यांत जातो का, ताटावर सावली पडते का, उठताना डोकं लागतं का, हे चौथ्या दिवसापर्यंत कळलेलं असेल. मग त्या उंचीवर सुतळीला गाठ मारून ठेवा आणि वायरमनला तीच गाठ दाखवा.